खडूसाहेब आणि ताईची बंद गाडी

आमच्या विभागाचं नाव लिहायला दोन ओळी लागतात आणि विभागात माणसं दोन. 'सार्वजनिक रस्त्यांवरील बेवारस व बंद पडलेली वाहने हटवणे विभाग.' एक साहेब आणि एक मी. साहेब गाड्या तपासतात, मी पंचनामे लिहिते. क्रेन आमची नव्हेच. ती दर गुरुवारी बांधकाम खात्याकडून मागून आणायची, आणि तिच्यासोबत क्रेनवाला येतो. हा माणूस बोलत नाही. चौदा वर्षांत त्याच्या तोंडून मी 'बसा' आणि 'उतरा' हे दोनच शब्द ऐकले. केबिनमध्ये खिडकीशी साहेब बसतात आणि मधल्या जागेवर मी, फायली मांडीवर घेऊन, गिअरच्या दांड्यापासून गुडघे चुकवत. चौदा वर्षं! माझ्या उजव्या गुडघ्याला विचारा.

साहेबांना सगळे खडूसाहेब म्हणतात. पाठीमागे लोक ते नाव जरा तोडून म्हणतात, आणि डोकं फिरलं की मीही तोडते. कायदा तसा सरळ आहे. गाडी सात दिवस रस्त्यावर एकाच जागी उभी आणि तिचा कोणी वाली दिसत नाही, तर ती बेवारस. तिच्यावर नोटीस चिकटवायची, मालक सापडला तर त्याचं म्हणणं ऐकायचं, आणि मग उचलायची. आणि एखादी गाडी नुसती बंद पडून रहदारी अडवत असेल, तर सात दिवस वगैरे काही नाही, तिथल्या तिथे उचलायची. दुसरा कोणी असता तर नोटीस चिकटवून चहाला गेला असता. आमचे साहेब रस्त्यावर चक्क पालथे पडतात आणि चाक जिथे रस्त्याला टेकतं तिथे खडूनं रेघ ओढतात. अर्धी रेघ चाकावर, अर्धी रस्त्यावर. अशी चारही चाकांना. सात दिवसांनी अर्ध्याला अर्धी जुळली, तर गाडी हललेली नाही. नोटीस चिकटवायला खळ घरून शिजवून आणतात, कारण बाजारचा गोंद पावसात सुटतो. त्या खळीचे डाग माझ्या प्रत्येक कपड्याच्या बाहीवर आहेत.

घरीही तेच. वहिनींनीच मला सांगितलं. परीक्षा संपल्यावर त्यांचा मुलगा दिवाणखान्यातल्या खुर्चीत पसरला तो उठेचना. साहेबांनी खुर्चीच्या चारही पायांना खडूनं खुणा केल्या. सातव्या दिवशी सगळ्यांना बोलावून खुणा दाखवल्या आणि मुलाला विचारलं, "तुझा कोणी मालक आहे का, की आम्ही पुढची कारवाई करू?" मुलगा दुसऱ्या दिवसापासून पोहायला जायला लागला.

आणि त्यांच्या स्कूटरचं तर काय सांगू! एकदा ती अग्निशमन केंद्राच्या दारातच बंद पडली. रहदारीला अडथळा, म्हणजे लगेच उचलायची. मी म्हटलं, साहेब, दोघं मिळून ढकलू, चार पावलांचं काम आहे. छे! त्यांनी क्रेन मागवली, स्वतःच्या नावानं नोटीस लिहिली, स्वतःच स्वतःला दिली आणि मिळाल्याची सही केली. मग ऑफिसात टेबलाच्या अलीकडच्या खुर्चीत बसून मालक म्हणून आपली बाजू मांडली, उठून पलीकडच्या खुर्चीत गेले आणि अधिकारी म्हणून ती फेटाळली. मी हे सगळं लिहून घेत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "अधिकारी जरा कडकच आहे."

तर अशा माणसाच्या टेबलावर एका सोमवारी एक तक्रार आली. तक्रारदार एक चष्मेवाला. 'माझ्या दुकानासमोर एक राखाडी चारचाकी चार वर्षं उभी आहे. तिच्यामुळे माझी पाटी लोकांना दिसत नाही.' ज्यांना दिसत नाही तीच तुमची गिऱ्हाइकं ना, असं मी कडेला पेन्सिलीनं लिहिलं आणि साहेब येताना दिसले तसं खोडलं. साहेबांनी पत्ता वाचला. पुन्हा वाचला. मग चष्मा काढून पुसला.

"ही आमच्या ताईची गाडी आहे," ते म्हणाले.

"मग काय, घालते पत्र फायलीत. एकदम तळाला," मी म्हटलं.

"गुरुवारच्या यादीत घाला," साहेब म्हणाले, आणि मी कपाळावर हात मारला.

आता ताईंचं सांगायला हवं. साहेबांची थोरली बहीण, त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आणि त्या दोन खोल्यांत भावोजी. म्हणजे ताईंचे यजमान. साहेब त्यांना भावोजी म्हणतात म्हणून आम्हीही म्हणतो. माणूस अगदी सज्जन. पण चौतीस वर्षं बसस्थानकावर घोषणा करायचे. कोणती गाडी कोणत्या फलाटावर, कोणती किती उशिरा. निवृत्त झाले, माइक गेला, घोषणा राहिल्या. "कृपया लक्ष द्या, दूध उतू जाण्याच्या मार्गावर आहे." "चहा टेबल क्रमांक एकवर येत आहे." घरात टेबल एकच! सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत, आणि ताई म्हणतात झोपेतसुद्धा दोन-तीन गाड्या सोडतात.

ताईंनी सहा महिने सोसलं. मग एका दुपारी खाली उभ्या असलेल्या गाडीत विसरलेली छत्री आणायला म्हणून उतरल्या, आत बसल्या, दार ओढून घेतलं आणि तीन तास वर आल्याच नाहीत. गाडीचं इंजिन कधीच बसलं होतं. पण दारं घट्ट लागत होती. तेव्हापासून रोज दुपारी दोन ते पाच ताई गाडीत. जुन्या चादरीचे पडदे, एक उशी, थर्मास, वाचायला पुस्तक, पायाखाली गोणपाट. बाकीच्या बायकांना एखादी खोली असते, बाल्कनी असते, निदान मोरी तरी. ताईंना ती गाडी होती.

गुरुवारी अडीच वाजता आम्ही गल्लीत शिरलो. अरुंद गल्ली, एकेरी रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं. साहेबांनी गाडीच्या काचेवर टकटक केली. पडदा सरकला, काच थोडी खाली आली.

"कोण आहे?"

"बेवारस वाहन विभाग."

"अरे बारक्या, तू होय! जेवलास का?"

क्रेनवाला हसला. मी त्याला त्याआधी कधी हसताना पाहिलंच नव्हतं. साहेबांचे कान लाल झाले.

"ताई, हे वाहन बेवारस असल्याची तक्रार आहे."

"मी आत बसलेय ना चांगली! मग बेवारस कसं?"

"तू मालक नाहीस. कागदावर भावोजी मालक आहेत. तू प्रवासी आहेस."

"चार वर्षं एकाच जागी बसलेली प्रवासी?"

"तीच तर तक्रार आहे," साहेब म्हणाले, आणि रस्त्यावर पालथे पडले.

ताई आत पुस्तक वाचतायत आणि खाली त्यांचा सख्खा भाऊ चाकांना खडू लावतोय! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तेवढ्यात वरच्या बाल्कनीतून आवाज आला, "कृपया लक्ष द्या. बेवारस वाहन विभाग आपल्या गल्लीत दाखल झाला आहे." झालं! सगळी गल्ली जमली. चष्मेवाला आला, सलूनवाला हातात कंगवा घेऊन आला, त्याच्यामागे अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक आलं. आणि लोकांनी नियम विचारायला सुरुवात केली. साहेबांना नियम विचारला की संपलंच. विचारणारा चोर असला तरी त्याला ते कुलपाचा नियम सांगतील.

"गाडी सात दिवसांत हलली तर?" सलूनवाल्यानं विचारलं.

"चारही चाकं पहिल्या जागेच्या पूर्ण बाहेर आली, तर ही नोटीस रद्द. मग नवीन नोटीस, नवीन सात दिवस."

"स्वतःहून हलायला पाहिजे, की ढकलली तरी चालते?"

"कायदा 'हलली' म्हणतो. कशी हलली ते विचारत नाही."

"आणि मागे ढकलली तर?"

"एकेरी रस्ता आहे. उलट दिशेला वाहन नेणं गुन्हा," साहेबांनी बजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. कसली साळसूद माणसं!

परतताना केबिनमध्ये मला राहवेना. "साहेब, ती तुमची बहीण आहे हो!"

"म्हणून तर. हिची सोडली तर उद्या दुसऱ्याच्या काचेवर कोणत्या तोंडानं नोटीस चिकटवू?"

मला आणखीच राग आला. तिसरा गिअर पडला आणि गुडघाही गेला.

पुढच्या गुरुवारी गेलो तर काय, खडूच्या चार अर्ध्या रेघा रस्त्यावर एकट्याच पडलेल्या आणि गाडी पुढे, बरोबर एका गाडीएवढी! साहेबांनी टेप काढून मोजलं. चारही चाकं जुन्या जागेच्या बाहेर. मी फायलीखाली हळूच टाळी वाजवली. साहेबांनी जुनी नोटीस ओल्या फडक्यानं सोडवली, नवी चिकटवली, नव्या रेघा ओढल्या. आतून ताईंनी विचारलं, "बारक्या, चहा घेतोस? थर्मासमध्ये आहे." साहेब म्हणाले, "कामावर असताना नाही." मी आणि क्रेनवाल्यानं घेतला.

त्यानंतर दर आठवड्याला हेच. गुरुवारी आम्ही रेघा ओढायच्या आणि पुढच्या गुरुवारी गाडी एक घर पुढे. कोण ढकलतं ते कोणी सांगेना. विचारलं की सगळे कानावर हात ठेवायचे. गंमत तक्रारींची झाली. गाडी चष्मेवाल्याच्या दारातून हलली तशी त्यानं तक्रार मागे घेतली आणि तो ताईंच्या बाजूचा झाला. मग तक्रार शेजारच्या घड्याळवाल्याची. गाडी त्याच्या पुढे गेली तसा तोही ताईंचा. मग सलूनवाला. ज्याच्या दारात गाडी तो तक्रारदार, आणि मला खात्री आहे, ढकलायलाही सगळ्यांत जास्त जोर त्याचाच. माझ्या फायलीत एकाच गाडीच्या तक्रारी झाल्या आठ, आणि त्या मागे घेतल्याची पत्रंही आठ.

कायद्याप्रमाणे भावोजींना पोस्टानं नोटीस गेली होती, की मालक म्हणून आपलं म्हणणं कळवा. भावोजींनी ती बाल्कनीत उभं राहून गल्लीला वाचून दाखवली, खालच्या पत्त्यासकट. दर आठवड्याची नवी नोटीसही वाचून दाखवायचे. पण म्हणणं काही कळवलं नाही.

मला मात्र आठव्या आठवड्यात एक गोष्ट दिसली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. ही माणसं गाडी पुढेच ढकलत होती. मागे नेणं गुन्हा ना! साहेबांनीच सांगितलेलं. आणि पुढे गल्ली संपते. तिथून मोठा रस्ता, बस, ट्रक, सिग्नल. गाडीचं नाक तिथे बाहेर आलं की रहदारीला अडथळा, आणि अडथळा म्हटलं की सात दिवससुद्धा नाहीत. तिथल्या तिथे उचला. नियम पाळून पाळून गल्लीनं ताईंच्या पायावर धोंडा पाडायचं ठरवलं होतं. मी मोजलं, फक्त दोन गाड्यांएवढी गल्ली उरली होती.

मी काचेवर टकटक केली. ताईंनी मागचं दार उघडून मला आत घेतलं. दार लागलं, आणि काय सांगू तुम्हाला, एकदम शांत. गल्लीतला गोंगाट कुठल्या कुठे गेला. मी पाठ टेकली आणि माझं काय सांगायचं होतं तेच विसरले. दहा मिनिटांनी आठवलं.

"ताई, कोपरा आला की गाडी जाणार."

"माहीत आहे मला."

"मग तुम्ही काय करणार?"

"नणंदेकडे जाऊन राहीन," ताई म्हणाल्या. "दोन बस बदलाव्या लागतात. पण ती माझ्याशी बोलत नाही."

मला हसू फुटलं. मग त्यांचा चेहरा बघितला. त्या थट्टा करत नव्हत्या. बाई खरंच घर सोडायला निघाली होती, आणि तेही कोणावर रागावून नाही, तर तीन तासांच्या शांततेसाठी.

त्या दिवशी मी साहेबांशी भांडले. म्हटलं, तुमच्या खडूपायी तुमच्या बहिणीचा संसार रस्त्यावर येतोय. साहेब म्हणाले, "बाई, मी काय करू? मला मालकाचं म्हणणं मिळालेलं नाही." मी म्हटलं, "मालक दिवसभर बोलतोय की!" साहेब खडूला टोक करत राहिले. खडूला टोक! चौदा वर्षांत त्यांनी खडूला कधी टोक केलं नव्हतं.

अकराव्या गुरुवारी आम्ही तीन वाजता पोचलो. गाडीचं नाक बरोबर कोपऱ्यावर, गल्लीच्या शेवटच्या फरशीला टेकलेलं. सलूनवाल्याच्या डोक्यात बहुतेक आदल्या दिवशी प्रकाश पडला असावा, कारण या आठवड्यात गाडी कोणी ढकललीच नव्हती. ढकलली तर मोठ्या रस्त्यावर, नाही ढकलली तर सात दिवस पूर्ण. साहेब पालथे पडले. एक चाक बघितलं, दुसरं बघितलं, तिसरं, चौथं. उठायला त्यांना जरा वेळच लागला.

"जुळल्या," ते म्हणाले. "चारही."

क्रेनवाल्यानं इंजिन चालू केलं आणि कोणी काही न सांगता परत बंद केलं. ताईंनी आतून दारांची बटणं दाबली. टक, टक, टक, टक. आत माणूस असताना गाडी उचलता येत नाही, हे त्यांना साहेबांनीच कधीतरी सांगितलेलं.

"ताई, बाहेर ये."

"नाही येत."

"ताई, ऐक माझं."

"बारक्या, तूच ऐक. नाही येत म्हणजे नाही येत."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. मग ते घसा साफ करून म्हणाले, "मालकाचं म्हणणं ऐकल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. भावोजींना खाली बोलवा. सुनावणी इथेच घेऊ."

भावोजी उतरले. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. गल्लीच्या मध्ये उभे राहिले, छाती पुढे काढली आणि सुरू केलं, "कृपया लक्ष द्या..."

"भावोजी," साहेब म्हणाले, "घोषणा नको. म्हणणं सांगा."

भावोजींचं तोंड उघडंच राहिलं. त्यातून काही येईना. मी पेन धरून थांबले. अख्खी गल्ली थांबली. त्या माणसाला शब्द सापडत नाहीत असं कोणी पाहिलंच नव्हतं. शेवटी जो आवाज आला तो इतका बारीक होता की मला दोन पावलं पुढे जावं लागलं.

"गाडी मी ढकलत होतो," भावोजी म्हणाले. "दर बुधवारी पहाटे. ही झोपलेली असताना. दुकानवाले मदत करायचे, पण आणायचो मी त्यांना."

"का?" साहेबांनी विचारलं.

"का म्हणजे? ती माझ्यापासून लांब बसायला जाते. मला कळत नाही का? मी फार बोलतो. चौतीस वर्षं भरलेल्या स्थानकाशी बोललो, तिथे उलटून कोणी उत्तर देत नाही, त्यामुळे कुठे थांबायचं ते शिकलोच नाही. पण ती पाचला वर येते ना, तेव्हा माझ्याशी नीट बोलते. हसते. दिवसभर काय झालं विचारते. गाडी गेली तर माझे ते पाच वाजायचे नाहीत. म्हणून ढकलायचो. काल ढकलली नाही, कारण पुढे रस्ताच नव्हता."

माझं लिहिणं थांबलं होतं. सलूनवाला उगाचच कंगवा पुसत होता. काचेचं हँडल फिरल्याचा आवाज आला आणि गाडीची काच पूर्ण खाली गेली.

"अहो," ताई म्हणाल्या, "या गाडीला हँडब्रेक आहे."

भावोजी बघतच राहिले.

"तो आतून ओढलेला असतो. दारं बंद. किल्ली माझ्याकडे. मग तुम्ही ढकलत होतात ती गाडी हलत कशी होती?"

"मला वाटलं, गंजून तुटला असेल."

"गंजून तुटला म्हणे! दर मंगळवारी संध्याकाळी वर येताना मी तो सोडत होते. गिअरही काढून ठेवत होते. आणि झोपलेली कुठली? तुम्ही खाली कुजबुजत 'एक, दोन, तीन' म्हणता ते तीन गल्ल्यांना ऐकू जातं. परवा मंगळवारीही सोडला होता. बुधवारी पहाटेपासून वाट बघत पडले, तुम्ही उठलाच नाहीत. मला वाटलं, कंटाळले."

"मी कंटाळेन?" भावोजी म्हणाले. मला मेलीला रडू आलं. खळीनं माखलेल्या बाहीनंच डोळे पुसले आणि पापण्या चिकटल्या.

साहेबांनी बराच वेळ खडू या हातातून त्या हातात केला. मग म्हणाले, "बाई, लिहा. बेवारस म्हणजे जिचा कोणी वाली नाही ती. या गाडीला मालक ढकलतो आणि प्रवासी तिचा ब्रेक सोडतो. सबब वाहन बेवारस नाही. वाहन बंद पडलेलं आहे. बंद पडलेलं वाहन उचलून त्याच किंवा दुसऱ्या रस्त्यावर योग्य जागी ठेवायचा अधिकार विभागाला आहे. योग्य जागा, या गल्लीचं वरचं टोक. तिथे नुसती भिंत आहे. भिंत तक्रार करत नाही."

"पण एकेरी रस्ता!" चष्मेवाला ओरडला. गल्ली अशी नियमाला धरून!

"कामावरच्या क्रेनला उलट जायची मुभा आहे," साहेब म्हणाले. "दर गुरुवारी येऊन रेघा बघीन. गाडी ढकलत राहा."

ताई उशी आणि थर्मास घेऊन उतरल्या. क्रेननं गाडीचं नाक उचललं आणि आम्ही चालीच्या वेगानं गल्लीतून उलटे निघालो. मागे सगळी गल्ली चालत. चष्मेवाल्यानं गाडी दारातून परत जाताना बघितली आणि कपाळाला हात लावला, पण पेन काही काढलं नाही. मी केबिनमध्ये साहेबांना धरलं.

"हे कलम तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं ना?"

"होतं."

"मग अकरा आठवडे आमच्या जिवाला घोर का लावलात?"

"मालकाचं म्हणणं ऐकल्याशिवाय ते लावता येत नाही," साहेब म्हणाले. "आणि मालक अकरा आठवडे एक शब्द बोलला नाही."

"भावोजी? एक शब्द बोलले नाहीत?"

"कामाचा," साहेब म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड फिरवून त्याच खडूच्या हातानं डोळे पुसले. गालावर पांढरा पट्टा उमटला. मी सांगितलं नाही त्यांना. दिवसभर तसेच फिरले.

भिंतीशी क्रेन थांबली. "उतरा," क्रेनवाला म्हणाला. गाडी हळूच खाली ठेवली. साहेब सवयीनं पालथे पडले आणि रेघा ओढायला लागले. ताईंनी दार उघडलं, उशी जागेवर ठेवली, पडदे नीट केले आणि आत बसल्या. भावोजी जवळ आले, दाराला हात लावला आणि त्याच बारीक आवाजात म्हणाले, "मी पण बसू का जरा आत?"

"नाही," ताई म्हणाल्या. "पाचला येतेच ना वर."

भावोजी नुसतं "बरं" म्हणाले, आणि घड्याळ बघत घराकडे निघाले.